माझे विचार कोण चोरते?

बारावी विज्ञानाच्या वर्गातला एक मुलगा. सोयीसाठी तो अंबड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकतो असे धरू. दहावीला चांगले गुण, गणिताची आवड, स्वभावाने थोडा अबोल. दिवाळीच्या सुटीनंतर तो सर्वांत मागच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसू लागतो. वही हाताने झाकून लिहितो. एके दिवशी सरांनी फळ्यावर सोडवलेले उदाहरण पाहून तो उभा राहतो आणि विचारतो, "सर, हे मी काल रात्री घरी सोडवलं होतं. तुमच्यापर्यंत कसं आलं?" वर्ग हसतो, सरही हसतात. पुढच्या आठवड्यात तो मोबाइलमधले सिमकार्ड काढून फेकतो. खोलीतला बल्ब काढून ठेवतो, कारण बल्बमधून कोणीतरी पाहते. आपल्याला एक नवे प्रमेय सुचले आहे, पण ते कागदावर उतरवण्याआधीच डोक्यातून काढून घेतले जाते, असे तो घरी सांगतो. फेब्रुवारीत तो वर्गात येणे बंद करतो आणि परीक्षेला बसत नाही.

हा मुलगा कल्पित आहे. परंतु उच्च माध्यमिक वर्गांना दहा-पंधरा वर्षे शिकवलेल्या शिक्षकांना त्याच्यासारखा एखादा विद्यार्थी आठवेल असा माझा अंदाज आहे. अशा मुलाबद्दल गावात सहसा तीन मते असतात. अभ्यास टाळण्यासाठी नाटक करतो, हे एक. फार वाचल्याने डोक्यावर परिणाम झाला, हे दुसरे. आणि भावकीतल्या कोणीतरी करणी केली, हे तिसरे. तिन्ही मते चुकीची आहेत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या अनुभवामागे मेंदूत काय घडत असावे याविषयी पुष्कळ कळले आहे. ते समजून घेतले, तर त्या मुलाशी काय बोलावे आणि काय बोलू नये हेही बरेचसे उलगडते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोणी आपल्यावर नजर ठेवतो आहे किंवा आपली कल्पना चोरली गेली, असे वाटणे हा काही आजार नव्हे. सरकारे हेर नेमतात. मोबाइलवर आपण काय शोधतो याची नोंद कंपन्या ठेवतात आणि तिच्या आधारे जाहिराती दाखवतात. आमच्या संशोधनाच्या क्षेत्रात तर आपले काम दुसऱ्याने आधी छापले तर काय, ही धास्ती रोजचीच असते. कल्पना खरोखर चोरीलाही जातात. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या घराघरात माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याच्या नावावर झाली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्यावर आक्षेप नोंदवला. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख, असे छापील दाखले पुढे ठेवले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. इथे आरोप होता, पुरावा होता, आणि पुरावा उलट निघाला असता तर आरोप मागे घेण्याची तयारीही होती.

आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट नसते. "ते उदाहरण पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून सरांनी सोडवले," असे सांगून पुस्तक दाखवले तर तो म्हणतो, "म्हणजे पुस्तक छापणारेही त्यात आहेत." उलट पुरावा त्याच्या समजुतीला तडा देत नाही. तो समजुतीच्या पोटात जाऊन बसतो आणि ती आणखी फुगते. अशा अढळ समजुतीला मानसशास्त्रात संभ्रम म्हणतात.

आणखी एक फरक आहे, तो अधिक महत्त्वाचा. तुम्हाआम्हाला चोरीचा संशय येतो तो अनुमानाने. इथून तिथे काहीतरी गेले असावे असा आपण तर्क करतो. या मुलाला तर्क करावा लागत नाही. त्याला ते प्रत्यक्ष जाणवते. विचार चालू असतो आणि मध्येच खेचून घेतल्यासारखा नाहीसा होतो. कधी उलट घडते : डोक्यात एक विचार येतो, पण तो आपला नाही, बाहेरून घातला आहे, असे वाटते. कधी आपले विचार आजूबाजूच्या सर्वांना ऐकू जात आहेत असे वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यास कुर्ट श्नायडर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने हे तीन अनुभव, म्हणजे विचार काढून घेतले जाणे, घातले जाणे आणि प्रसारित होणे, छिन्नमनस्कतेच्या ठळक लक्षणांत मोजले. छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया. एका शरीरात दोन व्यक्ती, हा चित्रपटांनी पसरवलेला अर्थ तिला नाही. पुढे असे आढळले की हे अनुभव तीव्र उन्मादात, गांजाच्या अमलाखाली आणि अपस्माराच्या काही प्रकारांतही येऊ शकतात. म्हणून एवढ्यावरून निदान ठरवणे हे शिक्षकाचे काम नाही. काहीतरी गंभीर घडते आहे, एवढे मात्र त्यावरून निश्चित कळते.

या अनुभवाचे तपशीलवार टिपण होऊन दोनशे वर्षे उलटली. लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयात १७९७ साली जेम्स टिली मॅथ्यूज नावाचा चहाचा व्यापारी दाखल झाला. रुग्णालयाजवळच्या एका तळघरात एक टोळी बसली आहे, तिच्याकडे 'हवेचा माग' नावाचे यंत्र आहे, आणि वायू व चुंबकत्व यांच्या अदृश्य किरणांनी ती टोळी आपल्या डोक्यात विचार घालते आणि आपले विचार वाचते, असे तो सांगे. जॉन हॅस्लम या तिथल्या औषधतज्ज्ञाने १८१० मध्ये मॅथ्यूजवर आख्खे पुस्तक लिहिले आणि त्यात मॅथ्यूजने स्वतः काढलेली यंत्राची आकृतीही छापली. प्रीस्टलेने वायूंचे केलेले शोध आणि मेस्मेरचे 'प्राणिचुंबकत्व' हे त्या काळचे गाजलेले विषय होते, हे लक्षात घेतले म्हणजे यंत्राचे सुटे भाग कुठून आले ते कळते. जाता जाता एक गोष्ट. हाच मॅथ्यूज बेथलेमच्या नव्या इमारतीसाठी झालेल्या स्पर्धेत नकाशे काढून पाठवतो आणि रुग्णालयाचे व्यवस्थापन त्याला तीस पौंडांचे बक्षीस देते. बुद्धी गेलेली नव्हती. शिवाय फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या काळात युद्ध थांबवण्यासाठी त्याने खरोखर धडपड केली होती आणि तो पॅरिसमध्ये कैदेतही होता. म्हणजे त्याच्या भीतीला सत्याचा एक धागा होता.

१९१९ साली व्हिएन्नाच्या व्हिक्टर टाऊस्क याने अशा अनेक रुग्णांच्या कल्पनेतल्या यंत्रांवर निबंध लिहिला. त्यानंतर रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, उपग्रह आले, आणि मनातली यंत्रे त्याप्रमाणे बदलत गेली. आज मोबाइल, कॅमेरा आणि शरीरात बसवलेली 'चिप' यांचा उल्लेख सर्वाधिक ऐकू येतो. आपल्याकडे यंत्राच्या जोडीला दुसराही साचा तयार असतो : करणी, मूठ, भानामती. मराठवाड्यात भानामतीची धास्ती फार जुनी आहे. भानामतीच्या बहुतेक प्रकरणांत घरातलेच ताणाखाली असलेले कोणीतरी दगड टाकत असते किंवा कपडे जाळत असते, असे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांना वारंवार आढळले आहे. त्या प्रकरणांची आणि आपल्या विषयाची गल्लत करू नये. मात्र ज्याला आपले विचार खरोखरच काढून घेतल्यासारखे जाणवतात, तो कारण शोधतो तेव्हा जवळ जे असेल तेच उचलतो. शहरातला मुलगा उपग्रह उचलेल, मंठ्याकडचा कदाचित चुलत्याने पुरलेले लिंबू. अनुभव एकच, स्पष्टीकरणे दोन.

मग अनुभव कुठून येतो? इथे दोन छोटे प्रयोग करून पाहावेत. वर्गातही करता येतील.

पहिला प्रयोग. एक डोळा मिटा. उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, पापणीवरूनच, बोटाने अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत हलल्यासारखी दिसेल. आता बोट काढा आणि तोच डोळा नेहमीप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवा. दृष्टिपटलावरची प्रतिमा या वेळी कितीतरी जास्त सरकते, तरी भिंत जागची हलत नाही. असे का व्हावे? एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने हा प्रश्न विचारला होता. १९५० साली जर्मनीत फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून त्याचे उत्तर मांडले. मेंदू स्नायूंना आज्ञा पाठवतो तेव्हा त्या आज्ञेची एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतो. शाळेच्या कार्यालयात जावक पत्राची स्थळप्रत ठेवतात, तशी. डोळा फिरल्याने होणारा बदल प्रतीशी ताडून पाहिला जातो, जुळला की "हे आपलेच आहे" म्हणून सोडून दिला जातो. बोटाने डोळा ढकलला तेव्हा डोळ्याच्या स्नायूंना आज्ञा गेलीच नव्हती, म्हणून प्रतही नव्हती. मेंदूने दोष भिंतीला दिला.

दुसरा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. १९९८ मध्ये लंडनच्या सेरा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी मेंदूचे चित्रण करून दाखवले, की तळहातावर तोच स्पर्श दुसऱ्याने केला तर मेंदूचा प्रतिसाद मोठा असतो; स्वतः केला तर लहान. अनुमस्तिष्काचा या फरकात हात असतो. दोन वर्षांनी याच गटाने हा स्पर्श मनोरुग्णांना करून पाहिला. ज्यांना आवाज ऐकू येत होते किंवा आपल्या कृती दुसरा कोणी घडवतो असे वाटत होते, त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श यांत फारसा फरक जाणवला नाही. त्यांच्या कार्यालयातली स्थळप्रत हरवलेली होती.

फ्रिथ यांचा तर्क असा, की मनातल्या मनात बोलणे हीदेखील मेंदूची एक कृतीच आहे. तिची स्थळप्रत ठेवली गेली नाही, तर आपलेच वाक्य परत येते तेव्हा त्यावर आपला जावक क्रमांक नसतो. मुख्याध्यापकांना स्वतःचेच पत्र टपालाने यावे आणि ते त्यांनी कधी लिहिल्याची नोंदच नसावी! ते म्हणणारच, की हे दुसऱ्या कोणीतरी लिहिले. या तर्काने परक्या विचारांचा आणि आवाजांचा उलगडा बराच होतो. विचार चोरीला जाण्याचा मात्र तितकासा होत नाही, आणि विचार करणे हे हात हलवण्यासारखेच आहे का याविषयी तज्ज्ञांत वाद आहेत. स्थळप्रतीची गोष्ट मला पटते, पण ती अर्धी आहे.

उरलेल्या अर्ध्या भागाची सुरुवात आपल्याच देशातल्या एका झुडपापासून करता येते. सर्पगंधेची मुळी वेडावर देण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद यांवरील तिच्या गुणाविषयी लेख लिहिला. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबावरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ डिले आणि पिएर डेनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि वर्षानुवर्षे आवाज ऐकणारे रुग्ण शांत झाले. दोन्ही औषधे लागू पडत होती; का, ते कोणालाच माहीत नव्हते.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. रेसर्पिनने संपवलेला साठा भरून निघाला होता. या कामासाठी कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे दिसून आले, की क्लोरप्रोमाझिन आणि त्याच्या वर्गातली औषधे चेतासंधीतल्या डोपामिनची दारे अडवतात. उलट बाजूचाही पुरावा होता. १९५८ मध्ये इंग्लंडच्या फिलिप कॉनेल यांनी दाखवले, की डोपामिन वाढवणारे अँफेटामिन फार घेतले तर काही माणसांना 'लोक माझ्या मागावर आहेत' असा संभ्रम होतो, आणि औषध उतरले की तो बहुधा जातो.

डोपामिनचे आणि पाळतीच्या भीतीचे नाते काय? वुल्फ्रॅम शुल्ट्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या चेतापेशी एकदम चेततात. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळले, की त्या दिव्याला चेततात, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर मंदावतात. म्हणजे "इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचे आहे" असे सांगणारी ही खूण आहे. आपण उत्तरपत्रिकेत महत्त्वाच्या शब्दाखाली लाल शाईची रेघ ओढतो, ते काम डोपामिन करते असे म्हणा. भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये असे मांडले, की या आजारात लाल शाई भलत्याच ठिकाणी सांडते. रस्त्यावरून जाणारी लाल दुचाकी, बातमीदाराचे खोकणे, फळ्यावरची एक संख्या, या सगळ्यांखाली रेघा ओढल्या जातात. रोज शंभर क्षुल्लक गोष्टी अर्थपूर्ण वाटू लागल्या, आणि त्या सगळ्यांचा रोख आपल्याकडेच आहे असे जाणवू लागले, तर आपण काय निष्कर्ष काढू? संभ्रम हा त्या भंडावून सोडणाऱ्या अवस्थेला मनाने दिलेला खुलासा असतो. पुष्कळदा रुग्णाला तो सापडल्यावर आधी हायसेच वाटते.

जॉन नॅश हे गणितज्ञ याचे बोलके उदाहरण आहेत. १९५९ च्या सुमारास वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर परग्रहावरून आपल्यासाठी सांकेतिक निरोप येतात असे ते सांगू लागले. ज्या मेंदूने खेळांच्या सिद्धान्तातील त्यांची कामगिरी केली, त्याच मेंदूने हेही निरोप वाचले. वर्षे गेली, ते हळूहळू सावरले आणि १९९४ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. फार हुशारीने वेड लागते, असा याचा अर्थ काढू नये. हा आजार हुशार-मठ्ठ असा भेद करत नाही.

कारणांबद्दल थोडक्यात. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण सगळा नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते. कोवळ्या वयात गांजा ओढणे धोका वाढवते. आईच्या वागण्याने मुलाला हा आजार होतो, हे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे मत टाकून दिले गेले आहे; पण त्या मताने त्या काळात अनेक आयांना विनाकारण अपराधी ठरवले.

आता जालन्याचा हिशोब. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यांत नव्हता, पण आकड्यांचा अंदाज यावा म्हणून ते वापरू. छिन्नमनस्कता आणि तत्सम आजार त्या वेळी चालू असलेल्या प्रौढांचे प्रमाण त्यात शेकडा ०.४ आढळले. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. त्यांत प्रौढ १२ लाख धरले, तर असे आजारी सुमारे ४,८०० होतात. म्हणजे जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत सरासरी सहाशे. आणि सुरुवातीचे वय बहुधा सतरा-अठरा ते पंचवीस. मुलींत थोडे उशिरा. अकरावी-बारावीचे आणि पदवीचे शिक्षक नेमके याच वयाच्या मुलांसमोर रोज उभे असतात.

हे सहाशे लोक उपचारासाठी कुठे जात असतील? राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. भोकरदन आणि जाफराबाद या तालुक्यांना लागून बुलढाणा जिल्हा आहे, आणि त्या जिल्ह्यात पिंपळगाव सराई इथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत मनोरुग्णांना घेऊन आलेली हजारो कुटुंबे असतात, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्यांची टिंगल करणे मला बरोबर वाटत नाही. घरातले माणूस रात्रभर जागते, जेवणात विष आहे म्हणते आणि जवळपास डॉक्टर नाही. मग माणसे जिथे आशा दिसेल तिथे जातात. श्रद्धेबरोबर औषध चालू राहिले, तर डॉक्टरांची सहसा हरकत नसते. घात होतो तो औषध थांबल्याने आणि साखळीने. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून गेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला साखळी घालण्यावर पूर्ण बंदी घातली आहे.

वेळ जाण्याला इथे फार किंमत मोजावी लागते. पहिल्या लक्षणांपासून उपचारापर्यंत जितके महिने वाया जातात, तितकी पुढची सुधारणा कमी होते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. लवकर औषध मिळाले, तर पहिल्या आजारपणात बहुतेकांची संभ्रमाची लक्षणे काही आठवड्यांत ओसरतात. सगळे पूर्ण बरे होतात असे नाही. काहींना औषध दीर्घकाळ घ्यावे लागते, आणि ते मध्येच सोडले की आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. मुलींच्या बाबतीत "लग्न केले की ठीक होईल" हा सल्ला हमखास मिळतो. तो दिला-पाळला जातो आणि दोन घरे अडचणीत येतात.

कुटुंबाने या आजाराकडे कसे पाहावे याचा एक मराठी धडा आहे. मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला छिन्नमनस्कता झाली. त्यांनी ते लपवले नाही. पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, जिथे रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसून बोलतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ च्या चित्रपटामागेही त्यांचे पाठबळ होते. अतुल कुलकर्णी यांनी त्यात रंगवलेला शेष वरच्या वर्गातल्या मुलांना दाखवावा आणि नंतर बोलू द्यावे. माझ्या मते तो एका तासाच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम करील.

आणि आपला मागच्या बाकावरचा मुलगा? त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. बोटाने डोळा दाबलेला असताना "भिंत हलत नाही" असे कोणी कितीही समजावले, तरी ती हलतानाच दिसते. त्याच्या समजुतीला होकार देणे हेही बरे नव्हे. "हो रे, मीही पाहिलंय त्यांना," असे म्हटले की तुम्ही कटाचे साक्षीदार होता, उद्या आरोपी. त्याला वर्गाबाहेर, एकट्याला गाठावे आणि भीतीविषयी बोलावे. "तुला झोप लागत नाही का रे?" "किती दिवस झाले?" "मला तसं काही दिसत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. घरी कोणाशी बोललास?" एवढे पुरते. आपण मनोविकारतज्ज्ञ आहोत असे दाखवू नये आणि वर्गात, शिक्षकखोलीत किंवा गटाच्या मोबाइल निरोपांत त्याचे नाव घेऊ नये. असे रुग्ण हिंसक असतात ही समजूत अतिरेकी आहे. त्यांच्यावरच अन्याय-मारहाण होण्याची शक्यता जास्त असते. मात्र आत्महत्येचा धोका खरा आहे. मरणाची भाषा ऐकली, तर त्याच दिवशी पालकांना बोलवावे आणि मुलाला एकटे सोडू नये.

पालकांना भेटताना "तुमच्या मुलाच्या डोक्यात बिघाड आहे" असे न म्हणता जे पाहिले ते सांगावे : अमुक महिन्यापासून गुण घसरले, मित्र तुटले, अमुक दिवशी असे बोलला. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधे मिळतात. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीतून बोलता येते, आणि तिथे शिक्षकानेही विचारायला हरकत नाही. डॉक्टरकडे जाताना पालकांच्या हाती अर्धे पान लिहून द्यावे : झोप कधीपासून बिघडली, खाणे कसे आहे, तापाचे, झटक्यांचे किंवा नशेचे काही घडले का, घराण्यात कोणाला असे झाले होते का. तारखा लिहाव्यात. घाबरलेल्या बापाला डॉक्टरसमोर नेमके काही आठवत नाही.

औषध सुरू झाले की पहिले काही आठवडे गुंगी येते, हात कापतात, अक्षर बिघडते, वजन वाढते. यांतले पुष्कळसे मात्रा बदलून कमी करता येते, पण ते डॉक्टरला सांगावे लागते. मुले सांगत नाहीत, गोळ्या गुपचूप टाकून देतात. तेव्हा पुढच्या जूनमध्ये तो परत वर्गात आला आणि पहिल्या तासाला पेंगू लागला, तर त्याला उभे करू नये. हस्ताक्षराचे गुण कापू नयेत. त्याची वही मागितली आणि त्याने ती हाताने झाकली, तर आठवडाभर थांबून पुन्हा मागावी.